मामाचं गाव सोडून स्वित्झर्लंड कशाला सांगितलंस?

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी सातारची, वय 27, एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय म्हणून आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देतेय. दोनदा दिली, बाकी सगळं निघालं पण स्पीकिंगला दोन्ही वेळा 6 वरच अडकले, मला 7 पाहिजेत. दुसऱ्या वेळी क्यू कार्डला (ज्यावर बोलायचा विषय दिलेला असतो ते कार्ड) सुंदर निसर्ग असलेलं ठिकाण आलं. क्लासच्या पीडीएफमध्ये स्वित्झर्लंडचं उत्तर होतं, ते पाठ होतं, घडाघडा म्हटलं. मग परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी साधंच विचारलं की कुणाबरोबर गेला होता, परत जाल का, तर माझी बोलतीच बंद. 'विथ माय फॅमिली' एवढंच आलं तोंडातून. ताई, मी फारशी फिरलेलीच नाही हो, ड्युटी आणि घर. कास पठार एकदा बघितलं, महाबळेश्वर शाळेच्या सहलीत. बाकी मे महिन्यात मामाकडं जातो, ते गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं आहे, बामणोलीतून लाँचनं जावं लागतं, पण ते काय सांगण्यासारखं? निसर्ग आणि प्रवासासाठी चांगल्या शब्दांची लिस्ट द्याल का? आणि मामाच्या गावाचं कधी सांगायचं झालंच तर लाँच म्हटलेलं त्यांना कळतं का?

उत्तर:

अगं बाई, पत्र वाचून आधी हसले आणि मग डोक्याला हात लावला. मामाच्या गावाला लाँचनं जावं लागतं, आणि ते तू कंसात टाकल्यासारखं एका ओळीत सांगून मोकळी झालीस. तुझ्या त्या लाँचच्या वाटेवरच पलीकडं तापोळा आहे, ज्याला लोक मिनी काश्मीर म्हणून गाड्या भरभरून बघायला येतात. आणि तू परीक्षेत सांगून आलीस स्वित्झर्लंड.

लिस्ट मी देणार नाहीये. रागावू नकोस, का नाही ते सांगते.

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी एक चित्र काढलंय. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी कौलारू घर, एक नारळाचं झाड (घाटावरच्या पोरांनी पण नारळच काढायचा) आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. त्याला आपण 'सीनरी' म्हणायचो. मराठीच्या पेपरात सहलीचा निबंध आला की तेच चित्र शब्दात, पक्ष्यांचा किलबिलाट, झुळुझुळु वाहणारे झरे, निसर्गाची मुक्त उधळण. आता क्लासवाल्यांच्या पीडीएफमध्ये तेच इंग्रजीत आलंय, 'ब्रेथटेकिंग', 'पिक्चरेस्क', 'हेवन ऑन अर्थ', 'अ फीस्ट फॉर द आइज'. समोरची बाई दिवसभर एकामागून एक माणसं ऐकत बसलेली असते, तिनं ही सीनरी किती वेळा ऐकली असेल विचार कर. तिला लगेच कळतं की हे पाठ आहे, कारण पाठ केलेलं म्हणताना आवाज सपाट होतो, वेग एकसारखा राहतो, आणि मग पुढच्या साध्या प्रश्नाला माणूस एकदम दुसऱ्याच इंग्रजीत बोलायला लागतो. तुझं नेमकं तेच झालं. दोन मिनिटं पीडीएफ बोलली आणि त्यानंतर तू बोललीस, आणि त्या दोघींचं इंग्रजी जुळेना.

मार्क कशाला मिळतात ते एकदा नीट बघ म्हणजे लिस्टचा नाद सुटेल. स्पीकिंग सगळं मिळून 11 ते 14 मिनिटांचं. पहिल्या भागात 4-5 मिनिटं घरचं-कामाचं, दुसऱ्यात कार्ड, त्यात 1 मिनिट तयारी आणि 1 ते 2 मिनिटं बोलणं, मग त्याच विषयावरून 4-5 मिनिटं चर्चा. गुण चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात, न अडखळता सलग आणि सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. ठिकाण किती भारी होतं याला गुण नाहीत. खरं सांगितलं की खोटं यालाही नाहीत, पण खोटं सांगताना डोकं दोन कामं करतं, गोष्ट बनवायची आणि इंग्रजीही बनवायचं, आणि तिथंच अडखळायला होतं. शिवाय शब्दांच्या गुणांत एक गंमत आहे जी पीडीएफवाले सांगत नाहीत, एखादा शब्द आठवला नाही तर तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत फिरवून सांगता येणं याचेही गुण असतात. म्हणजे पठाराला 'प्लॅटो' नाही आठवला आणि तू 'द टॉप ऑफ द हिल इज कम्प्लीटली फ्लॅट, लाइक अ टेबल' म्हणालीस तर काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं.

आता कामाचं. कार्ड हातात आलं की 1 मिनिट मिळतं, त्यात वाक्यं लिहीत बसू नकोस, तो कागद कुणी तपासत नाही. डोळ्यापुढं ठिकाण आण आणि स्वतःला विचार की मी नेमकी कुठं उभी आहे. ही माझी आवडती युक्ती आहे. 'निसर्ग सुंदर आहे' हे सांगणारा माणूस कुठंच उभा नसतो. तू मात्र लाँचमध्ये बसलीयस, किंवा धक्क्यावर मामाची वाट बघत उभी आहेस. मग समोर काय, बाजूला काय, आवाज कसला, पायाखाली काय, हे आपोआप यायला लागतं. कागदावर पाच-सहा शब्द खरड, चिखल, इंजिन, पिशव्या, आई, शांतता. मराठीत लिहिलेस तरी चालतंय.

मी स्वतः एकदा बामणोलीतून लाँचनं वासोटा किल्ल्याला गेलेय म्हणून तुझ्या वतीनं थोडं बोलून दाखवते. जे तुझ्या गावाला लागू नाही ते काढून टाक (पलीकडं आता रस्ता झाला असेल तर रस्त्याचं वाक्य काढ). आणि हेही पाठ करू नकोस हं, नाहीतर पुढच्या वर्षी सातारच्या निम्म्या पोरी परीक्षेत लाँचमध्ये बसलेल्या दिसतील.

'आय'ड लाइक टु टॉक अबाउट माय अंकल्स व्हिलेज, विच यू कॅन ओन्ली गेट टु बाय बोट. इट्स वेस्ट ऑफ सातारा, ऑन द फार साइड ऑफ अ लाँग, नॅरो लेक. वेल, वी कॉल इट अ लेक, बट इट्स रिअली द वॉटर बिहाइंड अ बिग डॅम. आय गो देअर ऑलमोस्ट एव्हरी मे, अँड लास्ट इयर आय वेंट विथ माय मदर. बाय मे द वॉटर इज सो लो दॅट द बोट कान्ट कम राइट अप टु द व्हिलेज, सो वी टुक ऑफ आवर सँडल्स अँड वॉक्ट द लास्ट बिट थ्रू द मड, विथ आवर बॅग्ज ऑन आवर हेड्स. माय मदर लाफ्ट ऑल द वे. ऑन बोथ साइड्स द हिल्स कम स्ट्रेट डाउन टु द वॉटर. देअर्स नो रोड, नो शॉप, अँड व्हेन द बोटमन स्विचेस ऑफ द इंजिन, यू कॅन हिअर पीपल टॉकिंग ऑन द बँक. आय वर्क इन अ हॉस्पिटल, सो ऑल डे लाँग समथिंग इज बीपिंग नेक्स्ट टु मी. ऑन द फर्स्ट नाइट देअर आय कान्ट स्लीप, बिकॉज इट्स टू क्वायट.'

वाचलंस? यात 'ब्युटिफुल' किती वेळा आला? एकदाही नाही. अवघड शब्द? फार तर 'नॅरो'. तरी यात 'विच' लावून जोडलेलं वाक्य आहे, 'सो लो दॅट' आहे, नेहमीचं सांगताना साधा वर्तमान आणि गेल्या वर्षीचं सांगताना साधा भूतकाळ आहे, 'वेल, वी कॉल इट अ लेक, बट' म्हणत स्वतःचंच वाक्य सुधारणं आहे, जे बोलताना माणसं खरंच करतात. आणि शेवटचं बीपिंगचं वाक्य तर तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला सुचणार नाही, मलासुद्धा तू नर्स आहेस म्हणालीस म्हणून सुचलं. आता यावर कुणी विचारलं की परत जाल का, तर तुझ्याकडं उत्तर तयार आहे, तू दर मे महिन्यात जातेसच की.

आता आपल्या मराठी लोकांच्या खास चुका, ज्यांनी 6 चा 7 होत नाही. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण क्लासमध्ये सगळ्यांना एकच पुस्तक शिकवतात आणि मराठी माणूस कुठं घसरतो हे त्या पुस्तकात नसतं.

पहिली घसरगुंडी 'गेले होते'. आपण मराठीत सहज म्हणतो, मागच्या वर्षी आम्ही कासला गेलो होतो. त्याचं सरळ इंग्रजी करून आपण म्हणतो 'वी हॅड गॉन टु कास', आणि मग पूर्ण गोष्टभर 'हॅड' ची माळ, वी हॅड सीन, वी हॅड ईटन. इंग्रजीत ते 'हॅड' फक्त दोन गोष्टींतली आधीची कुठली ते दाखवायला लागतं. 'व्हेन वी रीच्ट बामणोली, द लास्ट बोट हॅड लेफ्ट', इथं बरोबर, आपण पोचायच्या आधीच लाँच गेली होती. बाकी सगळीकडं 'वी वेंट'. एवढं एक सुधारलंस तरी व्याकरणाच्या गुणांत फरक पडेल, कारण प्रवासाचं उत्तर म्हणजे सगळा भूतकाळच असतो, चूक झाली की प्रत्येक वाक्यात होते.

दुसरी, निसर्ग. 'द नेचर वॉज व्हेरी गुड देअर.' यावरून माझी स्वतःची फजिती सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका नोकरीच्या इंटरव्ह्यूला मला गावाबद्दल विचारलं, मी ऐटीत म्हटलं, 'माय व्हिलेज इज सराउंडेड बाय नेचर'. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'ॲज ऑपोज्ड टु व्हॉट?' म्हणजे नाहीतर कशानं वेढलेलं असतं? मला प्रश्नच कळला नाही, मी 'येस सर' म्हटलं. घरी येताना एसटीत कळला. तेव्हापासून नेचर म्हणायच्या आधी मी बघते की तिथं नेमकं काय आहे, शेतं आहेत का, जंगल आहे का, नुसता खडक आहे का, आणि तेवढंच सांगते.

'सीनरी' ला इंग्रजीत अनेकवचन नाही, 'मेनी ब्युटिफुल सीनरीज' म्हणू नये, 'द सीनरी वॉज लव्हली' एवढं पुरे. 'एन्जॉय' च्या पुढं काहीतरी यावंच लागतं, 'वी एन्जॉइड अ लॉट' अर्धवट राहतं, मजा आली म्हणायचं असेल तर 'वी हॅड अ ग्रेट टाइम'. 'रीच' आणि 'व्हिजिट' नंतर 'टु' नको. 'रिटर्न्ड बॅक' नको. 'वन ऑफ द' म्हटलं की पुढं अनेकवचन, 'वन ऑफ द बेस्ट प्लेसेस', प्लेस नाही. पाऊस येत होता म्हणून 'रेन वॉज कमिंग' नाही, 'इट वॉज रेनिंग'. हे सगळं तुला माहितीय, मला माहितीय की तुला माहितीय, पण बोलताना येतंच, म्हणून ऐकून पकडायचं, कसं ते पुढं सांगते.

वातावरणाचा घोळ मात्र थांबून बघण्यासारखा आहे. आपल्याकडं 'वातावरण' या एका शब्दात सगळं बसतं, आज वातावरण ढगाळ आहे, तिथलं वातावरण थंड आहे, घरातलं वातावरण गंभीर आहे. इंग्रजीत मात्र आजच्या दिवसाचं ऊन-पाऊस 'वेदर', एखाद्या प्रदेशाचं कायमचं हवामान 'क्लायमेट', आणि 'ॲटमॉस्फिअर' म्हटलं तर एखाद्या जागेचा मूड, जत्रेतला किंवा देवळातला. 'द ॲटमॉस्फिअर वॉज व्हेरी कूल' म्हणालीस तर ऐकणाऱ्याला वाटतं तिथं पार्टी चालू होती. तसंच प्रवासाचं. 'माय ट्रॅव्हल टु महाबळेश्वर' असं होत नाही. जाऊन येणं ती 'ट्रिप', नुसता जातानाचा प्रवास ती 'जर्नी'. मामाच्या गावाची तुझी ट्रिप चार दिवसांची असेल, जर्नी तीन तासांची.

उच्चारात आपला सगळ्यात मोठा शत्रू एकच, 'व'. आपल्याला एकच व, इंग्रजीला दोन. आणि निसर्गाचं उत्तर म्हणजे नेमकी या दोघांची जत्रा, व्हॅली, व्ह्यू, व्हिलेज एकीकडं आणि वॉटर, वेदर, विंड, वॉटरफॉल दुसरीकडं. पहिल्या गटात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्या गटात दात कुठंच लागत नाहीत, शिट्टी मारताना करतो तसा ओठांचा चंबू होतो. आरशासमोर 'व्हिलेज, वॉटर, व्हॅली, वेदर' असं पंधरा दिवस म्हण, घरी बाथरूममध्ये म्हण, कुणी हसलं तर हसू दे. बाकी 'आयलंड' मध्ये एस नाही, 'क्लाइम' मध्ये बी ऐकू येत नाही, 'माउंटन' चा शेवट टेन नाही टन. तुझा सातारी सूर मात्र आहे तसा राहू दे. समजायला अडचण येत नसेल तर सुराचे गुण कापत नाहीत, उगाच इंग्लंडच्या राणीसारखं बोलायला जाशील तर दुसऱ्या मिनिटाला सूर सुटतो आणि विचित्र ऐकू येतं.

शब्द पाहिजेतच म्हणतेस ना, तर विशेषणं राहू दे, क्रियापदं जमव. आणि ती इंग्रजीत शोधायच्या आधी मराठीत शोध, कारण तुझ्या मामाकडची माणसं निसर्गाबद्दल बोलताना क्रियापदांतच बोलतात. धुकं उतरतं. वाट वर चढते. डोंगर पाण्यात उतरतो. ढग अडकून बसतात. ऊन तापतं, पाणी हटतं. कुणी म्हणतं का की धुकं अप्रतिम होतं? आता त्याचं बघ, 'द फॉग केम डाउन', 'द पाथ वाइंड्ज अप द हिल', 'द क्लाउड्ज हँग ओव्हर द रिज', 'द वॉटर गोज डाउन बाय मे'. सगळे सोपे शब्द आणि चित्र लगेच उभं राहतं. मात्र शब्दाला शब्द लावून बघायचं नाही, तपासून घ्यायचं, नाहीतर पुन्हा 'रेन वॉज कमिंग'.

आणि आपल्याकडचे खास शब्द सोडून देऊ नकोस. घाट म्हण, पण लगेच शेपूट जोड, 'वी टुक द घाट, अ स्टीप रोड विथ लॉट्स ऑफ बेंड्ज', कारण घाट म्हटलं की काही परदेशी माणसांना बनारसच्या पायऱ्या आठवतात. वडाप म्हणजे 'अ शेअर्ड जीप दॅट लीव्ह्ज ओन्ली व्हेन इट्स फुल', आणि फुल म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडं पण एक जण बसलेला असतो हेही सांग, तेवढाच वेळ जातो आणि समोरची बाई हसते. सुळका, सडा, खिंड, ओढा, सगळ्यांना असं एकेक शेपूट आधी घरी बसून लावून ठेव. हीच तुझी लिस्ट, आणि ती तूच करायचीस.

कासचं कार्ड वापरणार असशील तर तेही चांगलंच, फक्त 'मेनी कलरफुल फ्लॉवर्स' म्हणून सोडू नकोस. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा बहर असतो, फुलं अगदी छोटी, वाकून बघावी लागतात, खाली कातळ आणि त्यावर बोटभर मातीचा थर, त्यामुळं मोठी झाडं वाढतच नाहीत. सीतेची आसवं म्हणून जी जांभळी फुलं आहेत ती किडे खाणाऱ्या वनस्पतीची आहेत, हे इंग्रजीत सांगितलंस तर कुणीही कान टवकारेल, 'द प्लांट विथ दिस टायनी पर्पल फ्लॉवर अ‍ॅक्च्युअली ट्रॅप्स इन्सेक्ट्स'. आणि 2012 ला पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या त्यात कास आहे, हे एका वाक्यात आलं तर येऊ दे, पण सुरुवातच तिथून नको, नाहीतर गाइडसारखं वाटतं.

तिसऱ्या भागाबद्दल तू काही विचारलं नाहीस पण 7 बहुतेक वेळा तिथंच हुकतो. तिथं तुझ्या ट्रिपबद्दल विचारत नाहीत, माणसं निसर्ग बघायला का जातात, पर्यटनानं नुकसान होतं का, असं मोठं मोठं विचारतात, आणि आपण 'देअर आर ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस' म्हणून सुरू करतो आणि तिथंच संपतो. मत एक सांग, त्याचं कारण सांग आणि लगेच एक खरी जागा दे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, दस्तुरीला गाडी लावून पुढं चालत, घोड्यावर नाहीतर टॉय ट्रेननं, ही एक गोष्ट माहीत असली तरी पर्यटनावर कितीतरी बोलता येतं. आणि तुझं तर घरचंच उदाहरण आहे. ज्या पाण्याला टुरिस्ट लोक लेक व्ह्यू म्हणतात ते कोयनेचं धरण 1960 च्या दशकात झालं तेव्हा तिथं गावं होती, शेतं होती, माणसं उठवली गेली. मामाला विचार, त्याच्या आईवडलांनी काय बघितलं ते. 'फॉर टुरिस्ट्स इट्स अ व्ह्यू, बट माय ग्रँडपेरेंट्स जनरेशन लॉस्ट देअर फील्ड्ज अंडर दॅट वॉटर', असं वाक्य तुझ्या तोंडून आलं तर ते खरं असलं पाहिजे म्हणून आधी विचार, तुमच्या घरची शेती गेली नसेल तर शेजारच्याची गेली असेल, ते सांग.

सरावाचं. रोज एक विषय, फोनवर 2 मिनिटं रेकॉर्ड कर, नाइट ड्युटीत मधे वेळ मिळतो तेव्हा. ऐकताना लाज वाटते, सगळ्यांना वाटते, तरी ऐक, आणि एका वेळी एकच गोष्ट पकड, आज फक्त 'हॅड', उद्या फक्त 'व', परवा 'बेसिकली' किती वेळा आलं. सगळं एकदम सुधारायला गेलीस तर बोलणंच बंद पडेल. मग शिकवणाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे, चार-तीन-दोन, तेच बोलणं आधी 4 मिनिटांत सांगायचं, मग 3, मग 2, आणि दर वेळी वेगळ्या माणसाला. तिसऱ्यांदा सांगताना जीभ मोकळी झालेली असते आणि फालतू शब्द आपोआप गळतात. माणसं कुठून आणू म्हणशील तर तुझ्या हॉस्पिटलात मल्याळी सिस्टर्स असतीलच, त्यांच्याशी तू हिंदीत बोलत असशील, ते बंद कर, इंग्रजीत बोला, त्यांनाही कदाचित हीच परीक्षा द्यायची असेल. त्या तुला त्यांचं बॅकवॉटर सांगतील आणि तू त्यांना तुझं. त्या मधेच प्रश्न विचारतील, बोट मोठी होती का, भीती नाही वाटली का, आणि त्या प्रश्नांची उत्तरं देणं हाच खरा सराव, कारण तुझं गाडं तिथंच अडलं होतं. दोन महिने द्यायचे, आणि तारीख घ्यायच्या आधी एकदा कुणाकडून तरी मॉक टेस्ट करून घे, पण ज्या क्लासनं स्वित्झर्लंड दिलं त्यांच्याकडं नको.

राहिला लाँचचा प्रश्न. शब्द इंग्रजीतही आहे आणि बोटीसाठीही वापरतात, पण आजकाल लाँच म्हटलं की लोकांना फोनचं नाहीतर रॉकेटचं लाँच आठवतं. म्हणून पहिल्यांदा 'अ स्मॉल पॅसेंजर बोट' म्हण, मग 'वी कॉल इट अ लाँच' असं सांग आणि पुढं बिनधास्त लाँच म्हणत राहा. आणि हो, परवा मामाशी बोलशील तेव्हा विचारून घे की धक्क्यापासून गावापर्यंत नेमकी किती मिनिटं लागतात, हे कुणीतरी विचारतंच.